चांगदेवकाकांच्या ऑफिसातलं नेट

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

सकाळी मनालीने विचारलं, नव्या कॉम्प्युटरला नेट जोडता येईल का रे तुला? तिथेच माझं आयुष्य फिरलं. लगेच हो म्हणालो. नेटवर्किंग शिकवायच्या आधीच मी कॉलेज सोडलं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

ऑफिस तिच्या वडिलांचं, चांगदेवकाकांचं. सुताचा धंदा. काका म्हणाले, शनवारपर्यंत जुन्या-नव्या दोन्ही कॉम्प्युटरवर नेट चाललं तर कामाला रहा, न्हायतर घरी बस. म्हणजे रोज मनालीच्या समोरची खुर्ची!

तिने नारपोलीच्या सायबर कॅफेवाल्या भावेशचं नाव काढलं. केसांना जेल थापणारं ते माकड? मी असताना?

७ नोव्हेंबर, मंगळवार

काम फत्ते. तिच्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस नव्यावर जसाच्या तसा टाकला, शेवटच्या आकड्यासकट. ऑफिस एक, मग पत्ता एकच. पोस्टमनला कळतं ते मशीनला कळणार नाही? शिवाय तिचा-माझा पत्ता एक झाला. शकुन चांगला.

संध्याकाळ. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा फुगा. आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणे, पत्त्यावरून भांडण. बंद केला. परत आला. साला.

९ नोव्हेंबर, गुरुवार

माझं नेट आलं की तिचं जातं. तिचं आलं की माझं. भावेशने व्हायरस सोडलाय, दुसरं काय! केबल बदलली. मोडेमला दोन थोबाडीत दिल्या. काकांनी विचारलं, त्याला कशाला मारतंस रं, त्यानं तुझं काय खाल्लं? म्हणालो, टेस्टिंग आहे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आजूबाजूचे यंत्रमाग बंद, लाइटही बंद. दुपारी लाइट आल्यावर विंडोज नव्याने टाकलं. ॲड्रेस मात्र तोच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

फुगा.

मनाली म्हणाली, पार्टीला सुताचा रेट मेल करायचाय, तू जरा तुझा कॉम्प्युटर बंद कर. केला. मेल गेला. योगायोग.

११ नोव्हेंबर, शनिवार

काकांनी भावेशला बोलावलंच. तो खुर्चीतही बसला नाही. उभ्या उभ्या माझ्या ॲड्रेसचा शेवटचा आकडा बदलला आणि चहा मागितला. दोन्हीवर नेट चालू. मी म्हणालो, टिकणार नाही. मनालीने विचारलं, आणि तुझं टिकत होतं का? भावेश खिदळला. वर तिला आपला चॅट आयडी दिला. काही अडलं तर म्हणे!

मी जुना आकडा परत टाकायला पुढे झालो. हात लावू नकोस, म्हणाली.

ठणकावून सांगितलं, जिथे दोन पत्ते, तिथे मी काम करणार नाही. कुणी मान वर केली नाही. म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

काका म्हणाले, जाताना दार लाव, एसी चालू हाय.

बाहेर पडलो. लावलं.