सातवे प्रकरण वगळायचे नाही

मी, एडविन थ्रेलकेल्ड, वय वर्षे सहासष्ट, धंदा खोगीर-लगाम बनवणे, राहणार चर्च गल्ली, केल्डगार्थ, परगणा कंबरलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी ते आणून पाहिले त्यांचे नाव पुढे येईलच. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी रद्द करतो. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, पण विचार करून.

कलम पहिले. राहते घर व मागचे परसू माझी पुतणी अ‍ॅग्नेस, म्हणजे माझा धाकटा भाऊ कै. विल्फ्रेड याची मुलगी, हिला द्यावे. छप्पर पूर्वेकडून गळते. माझी मेहुणी मॉड गेली सतरा वर्षे म्हणते आहे, "दाजी, घोडदळाचा इतिहास नंतर लिहा, आधी शिडी लावा!" तिचे खरे होते. तिला खिडकीजवळची आरामखुर्ची द्यावी, एवीतेवी तिचा डोळा तिच्यावर आहेच.

कलम दुसरे. चामडे टोचायच्या आऱ्या, कापायची रापी आणि शिलाईचा लाकडी चिमटा डिक्सन खोगीरवाल्याला द्यावा. १९२२ साली माझी रापी उसनी नेऊन त्याने धार मोडून परत केली, वर मलाच म्हणाला, "तुझं पोलादच भुसकट." पण गावात हातशिलाई जाणणारा दुसरा कोणी उरला नाही. माझा नाइलाज आहे.

कलम तिसरे. केल्डगार्थ स्वयंसेवक घोडदळाच्या इतिहासाचे बाड, नऊ प्रकरणे, पाने चारशे बारा. हे काम मी मागून घेतले नव्हते. महायुद्धानंतर पलटणीचे घोडे जाऊन तोफा येणार असे ठरले, तेव्हा स्मारक समितीचे अध्यक्ष मेजर आर्मथवेट दुकानात येऊन म्हणाले, "एडविन, पलटणीचं एकेक खोगीर तुझ्या हातातून गेलंय. लिहून काढ सगळं." मी लिहिले. फ्रेंच उतरतील या धास्तीने १७९८ साली शेतकरी आपापले घोडे घेऊन कसे जमले. फ्रेंच आलेच नाहीत, तेव्हा त्यांना खाणीतल्या भुकेल्या मजुरांवर कसे घातले. दक्षिण आफ्रिकेत घोडे कसे मेले, आणि १९१५ साली घोडे मागे ठेवून स्वारांना पायी कसे लढवले. मजुरांचे पानसुद्धा समितीने गिळले. गाडे अडले ते सातव्या प्रकरणावर.

त्यात काय आहे ते इथे सांगून ठेवतो, म्हणजे बाड कोणी चुलीत घातले तरी हा कागद राहील. आमच्या पलटणीची रीत अशी होती की माणूस आपला घोडा घेऊन येई आणि ज्याची जमीन तो कसत असे, तोच त्याचा अधिकारी. जमीनदार पुढे, कुळे मागे. मे १९०९ च्या शिबिरात मेजरांचे वडील, कै. कर्नल सर रॉडरिक आर्मथवेट, यांनी लंडनहून आलेल्या जनरलसाहेबांना दाखवण्यासाठी ब्लॅकमॉसच्या माळावरून घोड्यांचा धावा, म्हणजे भरधाव हल्ल्याचे प्रात्यक्षिक, ठरवला. तो माळ नव्हे, वर गवत आलेली दलदल आहे. चुलीत जाळायची काळी माती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच कापून आणतो. रांगेतल्या साठही जणांना ते ठाऊक होते. कर्नलसाहेबांनी तिथे कधी पाऊल टाकले नव्हते. आणि एकानेही तोंड उघडले नाही. पाहुण्यांदेखत मालकाला 'तुम्ही चुकताय' असे कोण म्हणणार? आमची जमीन दर वर्षी नव्याने त्यांच्याच हातून मिळायची.

माझा भाऊ विल्फ पहिल्या रांगेत होता. त्याची घोडी पोटापर्यंत रुतली, उलटली, आणि तो तिच्याखाली गेला. वय एकतीस. अ‍ॅग्नेस चार महिन्यांची होती. पलटणीच्या दफ्तरात नोंद झाली, 'स्वाराला घोडी आवरली नाही.' जो पोरवयात खोगिराशिवाय ओढा ओलांडत असे, त्याला म्हणे घोडी आवरली नाही! पुढे शाळेत अ‍ॅग्नेसला पोरे 'पडक्या स्वाराची पोर' म्हणून चिडवत, आणि ती घरी येऊन मला विचारी, "काका, बाबांना खरंच घोड्यावर बसता येत नव्हतं?"

मेजर पाच वेळा येऊन गेले. शेवटच्या खेपेस म्हणाले, "अरे, एका प्रकरणासाठी अख्खं पुस्तक अडवून बसणार का? माझे वडील गेले, विल्फही गेला. आता कुणाचं भलं होणार आहे त्यानं?"

मी म्हणालो, "मेजरसाहेब, तुमच्या वडिलांच्या नावानं चर्चमध्ये संगमरवरी फलक आहे. माझ्या भावाच्या नावावर एक खोटं वाक्य आहे. अदलाबदल करायची का?"

ते टोपी उचलून निघून गेले. तेव्हापासून समितीचे एक पत्र नाही.

म्हणून बाड अ‍ॅग्नेसला द्यावे. बँकेत जे काही असेल ते छपाईला लावावे आणि सगळी व्यवस्था तिनेच पाहावी. समितीला छापायचे असेल तर खुशाल छापावे, पण सातव्या प्रकरणातली एक ओळही गाळता येणार नाही.

कलम चौथे. अ‍ॅग्नेस, हे कलम तुला उद्देशून. त्या प्रकरणात मी 'धाव्याचा बिगुल वाजला' असे लिहिले आहे. कोणी वाजवला ते लिहिलेले नाही. मी वाजवला. त्या वर्षी पलटणीचा बिगुलवाला मीच होतो. कर्नलसाहेब जनरलसाहेबांबरोबर टेकाडावर, आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. रांग लागण्याआधी तुझा बाप माझ्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "दादा, तिकडं दलदल आहे की रे! तू त्यांच्या शेजारी आहेस, सांग ना." त्याच आठवड्यात पलटणीच्या खोगिरांचे काम मला कायमचे मिळायचे होते. कर्नलसाहेबांनी मान हलवून खूण केली. मी बिगुल ओठाला लावला.

सत्तावीस वर्षे मी त्या घराण्यावर दात-ओठ खात आलो, कारण तेवढा वेळ स्वतःकडे पाहावे लागत नाही. हे प्रकरणात घालायचे की नाही ते तू ठरव. घातलेस तर माझे नाव पूर्ण लिही. घर तुला देतो आहे ते भरपाई म्हणून नव्हे. याची भरपाई होत नाही.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे. दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली आहे.

स्थळ : केल्डगार्थ. तारीख : १४ ऑक्टोबर १९३६.

(सही) एडविन थ्रेलकेल्ड

साक्षीदार :

१. (सही) डॉ. ह्यू लॅम, केल्डगार्थ

२. (सही) जोसेफ मौन्सी, शेतकरी, आर्मथवेट जमीनदारीतले कूळ

साक्षीदाराने नुसती सही करायची असते असे डॉक्टर म्हणतात. तरी मी जास्तीचे लिहितो. त्या दिवशी मी विल्फच्या शेजारच्या घोड्यावर होतो. दलदल मलाही ठाऊक होती आणि मीही बोललो नाही. माझी जमीन अजून मेजरांचीच आहे. हा कागद त्यांना दाखवावा. — जो. मौ.