चार नंबरचं सॉकेट

९ सप्टेंबर २००१, वडसा
माईकच्या सहापैकी दोन सॉकेट झाले. बोटाला फोड आला. यांची नजर आता जवळचं धरत नाही, म्हणून हे खुर्चीत बसून सांगतात आणि सोल्डरिंगचे डाग मी देते. ‘लाल दोन नंबरच्या पिनीले, पांढरी तीनले, वायरीवरची जाळी एकले.’ चार वेळा सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.
सहाही सॉकेट एका पत्र्यात, आणि पत्रा गाण्याची खोली आणि मशीनची खोली यांच्यामधल्या भिंतीत बसणार. इकडून माईक टोचायचे, तिकडे मिक्सर. दारातून वायरींचा गुंता नको, दार गच्च लागलं पाहिजे. हे नागपूरला कुणाच्या स्टुडिओत पाहून आले, तेव्हापासून यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. आयुष्यभर नाटकाचे माईक सांभाळले, आता घरातच कॅसेटी काढायच्या म्हणतात.
पहिली कॅसेट तुझी, असंही म्हणाले. मी पंधरा सीझन नाटकात गायले. गावोगावच्या मंडईच्या जत्रेत लोकांनी वन्समोअर दिले, पण माझं एकही गाणं कुठं उरलेलं नाही. बघू.

१४ सप्टें.
पत्र्याला भोकं पाडायला ग्रिलवाल्याकडे गेले. तो म्हणे, ‘बाई, सहा नळ लावून राह्यल्या का एका लाईनीत?’ हसला मेला. तरी भोकं गोल पाडून दिली. नेलपॉलिशनं आकडे घातले. हे म्हणाले, बायकी दिसते. दिसू दे.

२३ सप्टें.
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पोती लावली, आत धानाचा कोंडा. खोलीला राइस मिलचा वास सुटलाय. उंदीर खूश. यांना म्हटलं, चिंध्या भरू. ऐकतील तर शपथ.

२ ऑक्टो. मंगळवार
शेजारची राइस मिल मंगळवारी बंद, खडखडाट नाही, म्हणून आज ट्रायल. पत्रा तात्पुरता टेकवून ठेवला, माईक टोचला आणि गायले. जुन्या नाटकातलं, विधवेच्या पार्टाचं.
कॅसेट लावली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. हे पोट धरून हसले. ‘अवं, तू वर पाहून राह्यली ना! माईक तुह्या तोंडासमोर हाये!’
खरंच. आमच्या स्टेजवर माईक वरून टांगलेले असतात. त्यांच्याखाली जायचं, हनुवटी उचलायची आणि आवाज वर सोडायचा. पंधरा वर्षं तेच केलं. डोळे मिटले की मान आपोआप वर जाते. झाडीपट्टीतल्या कुठल्याही नटीला या खोलीत उभं करा, ती छपराच्या कवेलूकडे पाहूनच गाईल.
मीही हसले. परत घेऊ म्हटलं, तेवढ्यात लाईन गेली. मग राहिलंच.

११ ऑक्टो.
डोमाजीभाऊ आले. मी भाऊंच्याच नाटक कंपनीत होते. या साली नवीन नाटक काढताहेत, त्यातल्या चार गाण्यांची कॅसेट हवी. प्रचाराच्या जीपवर गावोगाव वाजवायची. काम आपल्याकडेच देतो म्हणाले. यांचे पाय जमिनीवर नाहीत. पत्रा दाखवला, सॉकेट दाखवले, कुणी डाग दिले ते सांगितलं नाही. आणि मशीन किती साफ आहे ते ऐकवायला माझी ट्रायलची कॅसेट लावली.
मी चहा घेऊन दारात. भाऊ ऐकत होते.
‘मशीन झकास हाये गा वसंता. पन बाईचा आवाज गेला.’
मी यांच्याकडे पाहिलं. यांनी एक वाक्य बोलायचं होतं. ती वर पाहून गायली, भाऊ. एवढंच.
हे म्हणाले, ‘वय झालं आता.’
मी बेचाळीस वर्षांची आहे. चहा ठेवला आणि आत आले.

१२ ऑक्टो.
सकाळी विचारलं. ‘काऊन नाई सांगितलं?’
‘त्याच्या तोंडावर त्याले खोटं पाडू का? पयलंच काम हाये आपलं.’
‘खोटं नका पाडू. खरं सांगा.’
हे भात कालवत बसले. मग म्हणाले, ‘तुले तर माहीत हाये ना तुहा आवाज कसा हाये तो. मंग झालं.’ जेवले, आडवे झाले, घोरले.
मला माहीत आहे म्हणून झालं! मग लोकांना कशाला ऐकवायचं. मीच मला म्हणून दाखवीन चुलीपुढे.

१७ ऑक्टो.
पत्रा भिंतीत पक्का बसवला. चार नंबर एकटा ठीक वाजायचा, दुसऱ्या माईकबरोबर लावला की आवाज पातळ, अर्धा गायबच. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. चूक माझीच, पुन्हा डाग दिला. आता सहाही सारखे. काम चांगलं झालंय, कुणी म्हणो न म्हणो.
गाणी नागपूरची पल्लवी मॅडम म्हणणार. नाटकातही तीच हिरोईन. आजकाल बोर्डावर ‘नागपूरची’ लिहिलं की तिकीट खपतं म्हणे.
यांच्याशी कामापुरतं बोलते. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

३० ऑक्टो. मंगळवार
रेकॉर्डिंग. दुपारपर्यंत दोन गाणी झाली.
मुलीचा गळा चांगला आहे, खोटं कशाला लिहू. स्वभावानंही बरी. पाणी दिलं तर म्हणाली, ‘ताई, तुम्ही पण गाता?’ मी तोंड उघडायच्या आत डोमाजीभाऊ म्हणाले, ‘गात होत्या.’
दुसऱ्या गाण्याला कोरस हवा होता. भाऊ म्हणाले, ‘बाई, तुमी ऱ्हा ना मांगं उभ्या.’ मला राग यायला हवा होता. आला नाही. चार नंबरचा माईक घेतला, मान मुद्दाम खाली ठेवली, नजर माईकवर. शेवटची ओळ मी वरच्या पट्टीत उचलली. ऑर्गनवाल्यानं वळून पाहिलं, मान डोलावली. किती वर्षांनी कुणी तशी मान डोलावली.
मग सगळ्यांनी मशीनच्या खोलीत बसून ऐकलं. कॅसेटवर मी नव्हते. पल्लवी होती, ऑर्गन, तबला होता, मी कुठेच नव्हते.
आधी वाटलं माझा डाग सुटला. सगळे बाहेर चहाला गेल्यावर चार नंबरचा डाग तपासला. ठणठणीत. मग आत जाऊन मिक्सर पाहिला. चार नंबरचं बटन पार खाली ओढलेलं.
गाणं चालू असताना तिथं फक्त हे आणि भाऊ होते, आणि मिक्सरला हात फक्त यांचा.

३१ ऑक्टो.
‘भाऊनं डोळ्यानं खुनावलं. मी काय करू?’
एवढंच म्हणाले. परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.
वर म्हणतात, सीझन संपला की निवांत तुझी चार गाणी घेऊ, कुणी नसताना. कुणी नसताना!

५ नोव्हें.
उद्या उरलेली दोन गाणी. मशीन लावून पाहिलं तर सगळीकडे घूंऽऽ. पत्रा काढला. मागच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात, एक धड नाही. सहाही कापून नव्यानं जोडाव्या लागतील. कोंडा भरा अजून.
‘सकाळीच करून टाक,’ म्हणाले. भाजी चिरून टाक म्हणावं तसं.
मी म्हटलं, ‘उद्या भाऊ आले की त्यांना सांगा. त्या कॅसेटमध्ये मी वर पाहून गात होते, आणि कोरसच्या वेळी बटन तुम्ही ओढलं. तुमच्या तोंडानं, माझ्यासमोर. मग डाग देते.’
‘पागल झाली का? काम जाईन हातचं.’
‘जाऊ द्या.’
हे सायकल काढून रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो आरमोरीला गेलाय, परवा येईल. परत येऊन न जेवता बसून राहिले. मी वाढलं नाही असं नाही. वाढलं होतं.

६ नोव्हें. मंगळवार
मिल बंद. पत्रा माझ्या मांडीवर, सहा भोकांतून वायरी लोंबताहेत. सकाळी यांनी स्वतः प्रयत्न केला. बोट भाजलं, डाग पिन सोडून सगळीकडे पडला. मला वाईट वाटलं. तरी उठले नाही.
सोल्डरिंग गरम करून ठेवलंय. अर्ध्या तासाचं काम आहे, फार तर.
गाणं मिळेलच असं नाही, मला कळतं. भाऊ म्हणतील, बरं, असं होतं का, आणि तरी पल्लवीच गाईल. चालेल. पण आवाज गेला हे त्यांनी यांच्या घरात बसून म्हटलं, तर नाही गेला हे यांनी म्हणायला पाहिजे. पंधरा वर्षं माझ्या डोक्यावर माईक यांनीच टांगला होता. यांच्याइतकं तो आवाज कुणी ऐकलेलाच नाही.
जीप आली. हे माझ्याकडे न बघता दारात गेले.
डोमाजीभाऊंचा आवाज येतोय. यांचा अजून नाही.