मावशी, मी आणि पाण्याखाली जाणारा रस्ता

तीर्थस्वरूप व्हर्नाताईस, धाकट्या एव्हरेटचा (अजून जिवंत आणि बऱ्यापैकी कोरडा) साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे ऑल्थियामावशी ठणठणीत आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी काल ती मला पुरून उरली.

पुढच्या महिन्यात तिचा मुलगा तिला कायमची किनाऱ्यापासून पार दूर, कॅल्गरीला नेणार, म्हणजे समुद्र संपला. त्याआधी बेटावरचा तो जुना बंगला एकदा पाहायचाच, असा तिने हट्ट धरला. (सोळाव्या वर्षी ती तिथे भांडी घासायला होती. आता आत शिरायला तिकीट पडतं आणि तीच भांडी काचेच्या कपाटात आहेत.) बेटाचा रस्ता समुद्राच्या तळावरून, फक्त ओहोटीपुरता उघडा, हे तुला सांगायला नको. कोळ्याच्या पोटी जन्मून मी विमा विकायला का बसलो, हेही तुला ठाऊक आहे. मला पाण्याची भीती वाटते. आंघोळीच्या टबातसुद्धा मी दार उघडं ठेवून बसतो.

तरी नेलं. भरतीच्या पत्रकात रस्ता तीनला बुडणार असं होतं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी त्यात एक तास मिळवला, कारण उन्हाळ्यात आपण घड्याळं तासभर पुढे करतो, पत्रक छापणारे करत नाहीत. म्हणजे चार. अडीचलाच सगळे पर्यटक आणि मार्गदर्शक बाई भराभर परत निघाले तेव्हा मला त्यांची कीव आली. (शहरी माणसं, भित्री.) यंदा पत्रकवाल्यांनी तो तास आधीच मिळवून छापलाय, हे मला साडेतीनला, चाकं बुडाल्यावर कळलं. दोन्ही बाजूंनी पाणी, मधे आम्ही, आणि गाडीच्या दारातून आत येणारी थंडगार धार. माझी बोबडी वळली. मावशी म्हणाली, "रडतोस काय, मागे घे गाडी." ती ओरडत होती त्या दिशेला स्टिअरिंग फिरवत मी डोळे मिटून मागे आलो. (हे भावोजींना सांगू नकोस.)

मग सहा तास बेटावर आम्ही दोघंच, सोबत खायला मावशी पिशवीत चघळायला ठेवते ते मूठभर वाळवलेलं समुद्री शेवाळ. लाटेगणिक मी किनाऱ्यावरच्या पायऱ्या मोजत होतो, किती बुडाल्या ते बघायला. मावशी बंगल्याच्या पुढच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. "बस की," म्हणाली. "भांडीवालीला इथे पाय ठेवायची मुभा नव्हती. भरतीआधी हाकलायचे आम्हाला. इथला सूर्यास्त मी फक्त ऐकलाय." मी बसलो, पण खुर्चीचा हात सोडला नाही.

सर्वांना आशीर्वाद आणि नमस्कार, वयानुसार वाटून घ्यावेत.

तुझा,
एव्हरेट

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की रविवारी तिला पुन्हा जायचंय. तू ये आणि गाडी तू चालव. मला जमणार नाही, पाया पडतो.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालताना मावशीला विचारलं, तासाची ती माझी चूक तुझ्या लक्षात आली नव्हती का? म्हणाली, "सकाळीच आली होती. पण सांगितलं असतं तर तू मला तीनच्या आत घरी आणून बसवलं असतंस."

पहिला ता. क. रद्द समज. रविवारी मीच नेतो. तू फक्त दोघांचं जेवण बांधून दे, सहा तास पुरेल एवढं.