कुलूप ओढून बघणारी

रविवार, संध्याकाळ

परवा बचत गटात आलेल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, सतत काळजी करणाऱ्यांच्या मनाला त्रास लवकर होऊ शकतो. गटातल्या सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारी मीच ना! म्हणजे आता माझाच नंबर?

आज मोठ्या जाऊबाई, आमच्या अक्का, धुळ्याहून आल्या म्हणून नशिराबादच्या मळ्यात भरीत करायचं ठरलं. निघताना मी कुलूप ओढलं, तर सगळ्यात मोठ्याने अक्काच हसल्या. त्यांना कसली आलीय काळजी!

मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत आम्ही दोघीच बसलो होतो. अक्का हळूच म्हणाल्या, "मना बी जीव घाबरस वं. पन मी हासस ना, मंग कोनी इचारतच नही."

मी ऐकतच राहिले. दोन-तीन वांग्यांचा कोळसा झाला तरी उठले नाही. मी! शेवटी म्हटलं, "मॅडमकडे दोघी जाऊ." "चाल," म्हणाल्या, आणि वांगी बघून अशा हसल्या की मलाही आवरेना. उरलेल्यांचं भरीत मात्र झकास झालं.

निघताना मळ्यातल्या खोलीला मी कुलूप लावलं. माझ्याआधी अक्कांनीच ते ओढून बघितलं.