सोसायटीतली ती दुसरी मुलगी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला अजून तिचा हेवा वाटतो. तुमच्या त्या वेम्बलीच्या विद्यार्थिनीचा. बर्मिंगहॅमला तुमच्याच विभागात आम्ही दोघी समाजशास्त्र शिकत होतो. शेवटच्या वर्षी सगळ्यात चांगले मार्क मिळवणाऱ्यांना ऑनर सोसायटीत घ्यायचे, सगळ्यांसमोर कोटावर बॅज लावायचे, आणि त्या सोसायटीचे प्रमुख तुम्ही. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते. नावं जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही किचनमध्ये कोथिंबीर निवडत होता. मान वर न करता म्हणालात, "यादीतून तुझं नाव मी काढून टाकलंय." मला वाटलं, चेष्टा करताय. "बाप प्रमुख आणि मुलगी मेंबर! बरं दिसत नाही." आई सिंकपाशी होती, ती गर्रकन वळली. "अहो, तिनं कमावलंय ते. दिसण्याचं काय घेऊन बसलात?" तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला कळेल पुढे." बाबा, मी पन्नाशीला आले. अजून कळलेलं नाही.

समारंभात मी आईशेजारी बसलेय. त्या मुलीचं नाव पुकारतात. तिच्या वडिलांना हॉस्पिटलातल्या शिफ्टमुळे येता आलेलं नाही, म्हणून फोटोला तिच्याशेजारी तुम्ही उभे राहता आणि तिच्या डोक्यावर हात ठेवता. माझ्या डोक्यावर चारचौघांत कधी ठेवला नाहीत. तिचं मराठी मोडकंतोडकं. 'माझा आई' म्हणायची, तर तुम्हाला केवढं हसू यायचं! माझ्या निबंधात एक शब्द चुकला तर जेवणाच्या टेबलावर त्याचा पंचनामा. मी टाळ्या वाजवल्या. आईनं नाही वाजवल्या, हे तुम्हाला स्टेजवरून दिसलं का, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. ती आता ब्रिस्टलला प्रोफेसर आहे, तिथल्या सोसायटीची प्रमुख. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, हाउसिंग खात्यात. "या वर्षीचा बॅजेस तू लावशील? सरांची मुलगी म्हणून," ती म्हणाली. मी काहीतरी कारण शोधत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "सर मला नेहमी सांगायचे, माझी मुलगी तुझ्यापेक्षा हुशार आहे, तिच्यासारखं लिहायला शीक. मला इतका जेलस वाटायचं तुझ्याबद्दल!"

मला भरून यायला हवं होतं. आला तो संताप. माझं कौतुकसुद्धा तुम्ही तिच्याच पदरात टाकलंत. घरी, त्या टेबलावर, एकदा तरी मला ऐकू येईल असं म्हणाला असतात तर?

जाणार आहे मी ब्रिस्टलला, हो म्हणून बसलेय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. लाइन कट होतेय असं खोटंच म्हणून मी तिला तुमचं ते वाक्य पुन्हा बोलायला लावलं. दोनदा.