अक्कांच्या दारावरचं ‘नाळे बा’

३ फेब्रु., मंगळ.
बंगळूरच्या ट्रॅफिकमधून, महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून जे. पी. नगरला घरी पोचेस्तोवर साडेआठ. जीव नकोसा झाला. पण प्रदर्शन करणारच. इथल्याच शिवाजीनगरचा हॉल मिळालाय. साथीत लोक कसे वागले त्याचे फोटो: दुकानापुढची पांढरी वर्तुळं, मास्क घातलेला गणपती, प्लेगअम्माचं देऊळ, पोलिसाचं कोरोनासारखं काटेरी लाल हेल्मेट. सगळी गंमतच गोळा केलीय मी. भीती कुठाय?

७ फेब्रु., शनि.
काखेत कळसा! समोरच्याच दारावर, सरोजाअक्कांच्या. क्वारंटाइनचं स्टिकर अजून तसंच. आम्ही बाकीच्यांनी आपापलं कधीच खरवडून काढलं. त्याखाली खडूनं कानडीत दोन शब्द. विचारलं. अक्का मूळच्या निपाणीच्या, तोंडाचा पट्टा सुरू:
“नाळे बा. उद्या ये म्हणून लिवलंय. मागं हितं हूल उठली हुती, भूत रातचं दार वाजवतंय, ओ दिली की मेलास. मग समद्यांनी दारावर लिवलं. ते वाचतंय, माघारी जातंय. दुसऱ्या दिशी येतंय, परत त्येच वाचतंय.”
अण्णांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, कोविड झाला तेव्हा अक्कांनी हेच लिहिलं. अण्णा वाचले. तेव्हापासून रोज सकाळी त्या अक्षरांवरून खडू फिरवतात.
फोटो काढू का? “नको गं. चालू हाय त्याला हात लावू नये.”

१० फेब्रु., मंगळ.
बिल्डिंगच्या ग्रुपवर फतवा. सोमवारपासून सगळ्या दारांना एकच रंग. सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये म्हणाले, “आंटी को समझाइए, अच्छा नहीं लगता.”
मला वाटलं, माझ्या पथ्यावरच पडलं. अक्कांना म्हटलं, हे दार मी प्रदर्शनात नेते, तुम्हाला नवं बसवून देते.
“आणि मधी चौकट मोकळी? तेवढ्यात ते आलं तर वाचंल काय?”
घ्या.

१२ फेब्रु., गुरु.
ठरलं. दार प्रदर्शनात नाही. पण रंगही लागू द्यायचा नाही. घरोघर जाऊन सांगितलं. काही हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मात्र म्हणाल्या, राहू दे, आमच्याकडे तर उशिरा सुचलं सगळं. आणि हार घातलेला फोटो पुसायला वळल्या.
रविवारी मीटिंग. भांडेन.

१४ फेब्रु., शनि.
अक्का भाजीला गेल्यावर अण्णांनी हाक मारली. दोन वाक्यांत धाप लागते त्यांना हल्ली.
“लावू दे रंग.”
मी थक्क. का?
“माझं काय हुईल ते हुईल. पण ही म्हणंल, आज खडू नीट फिरवला न्हाई. जन्मभर स्वतःला खात बसंल. रंग लागला तर रंगाला शिव्या घालंल. सरी?”
‘सरी’, ठीक आहे, एवढंही म्हणवेना. घरी येऊन रडले. इतकी वर्षं समोर राहतात, आणि मी या दोघांना गोड म्हातारा-म्हातारी समजत होते.

१५ फेब्रु., रवि.
मीटिंगला गेले ती दगड होऊन. तोंड उघडायच्या आधीच सेक्रेटरी म्हणाले, “चार जणांनी सांगितलं, राहू दे. एक दार सोडू. रंगाऱ्याला तुम्हीच काय ते सांगा.”
जिंकले म्हणे! आता अक्कांचं ऐकू की अण्णांचं?

१६ फेब्रु., सोम.
ऑफिसला दांडी. रंगाऱ्यानं अक्कांच्या दाराकडे बोट केलं. “मॅडम, इदु?”
अक्का उंबऱ्यात, हातात खडू. मागे खुर्चीत अण्णा, माझ्याकडेच बघत.
“हे सोडा,” म्हटलं. अण्णांनी मान खाली घातली. मग मी अक्कांपुढे हात पसरला. “पण उद्यापासून मी लिहिणार. चुकलं तर माझं चुकेल. शिव्या मला घालायच्या, स्वतःला नाही.”
“तुला कानडी कुठं येतंय?”
“गिरवता येतं.”
अक्कांनी अण्णांकडे बघितलं. हे कुणाच्या डोक्यातलं, ते कळलं असावं त्यांना. म्हणाल्या, “माझा हात न्हाई थकला अजून,” आणि आत गेल्या. खडू मुठीतच. दार लावलं नाही.
उद्या सहाचा गजर लावलाय, अक्कांच्या खडू फिरवायच्या वेळेचा.