निळी लादी

विल्कित्स्की सामुद्रधुनी,
१९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मी ठीक. तूही असशीलच, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या हेडनर्सला आजारी पडायला वेळ कुठला? तू विणलेले मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब आहे, पण असो.

बर्फात शिरण्याआधी तीन दिवस आम्ही जहाज बडवत होतो. उडालेलं पाणी कठड्यावर पडताक्षणी गोठतं. वरचं ओझं वाढून जहाज कलंडू नये म्हणून स्वयंपाकीणबाईसुद्धा तो बर्फ फोडायला लाकडी हातोडा घेऊन उभी. आणि हेड ऑफिस विचारतं, ‘उशीर का?’ त्यांना समुद्र म्हणजे ट्रामचा रूळ वाटतो. बर्फाचा नकाशा पाठवतात तो तीन दिवसांचा शिळा. तोवर वाऱ्यानं बर्फ कुठल्या कुठे नेलेला.

मंगळवारी जहाजाला पुढे भोक पडलं. सिमेंट ओतून बुजवलंय. माणसं सगळी धड आहेत. उद्या बर्फफोडं जहाज येईल, त्याच्या हेलिकॉप्टरनं हे पत्र निघेल.

चौकशी होणार. कप्तान ग्लेब अर्काद्येविचनं अहवालात लिहिलंय, की पहाऱ्यावरच्या रुफिनानं वेळेत इशारा दिला नाही. खाली बर्फातला वाटाड्या म्हणून माझी सही. बिचारीचा परवाना जाणार. समुद्रावर येऊन तिला जेमतेम चार वर्षं झालीत.

तू विचारशील, ‘या खेपेला नकाशात काय चुकलं?’ माझ्या सबबी आधीच ओळखायची ही तुझी सवय फार वाईट. त्या दिवशी नकाशाचा काही संबंध नव्हता. रुफिनानं मला वेळेत विचारलं होतं:

“रोदिओन मात्वेयेविच, पुढची लादी निळी आहे. जुना बर्फ. वळवू?”

“करडी आहे, बाई. यंदाचीच. सरळ चल.”

“निळी आहे हो!”

“निळे तुझ्या नवऱ्याचे डोळे! सरळ!”

कोवळा करडा बर्फ आमच्या जहाजाखाली पापडासारखा मोडतो. जुना मात्र उन्हाळ्यामागून उन्हाळे काढून दगड झालेला असतो. मला ती लादी करडीच दिसली. ताई, मला वर्षभरात निळं काही दिसलेलंच नाही. मार्चमध्ये तुमच्या दवाखान्यात डोळे तपासल्यावर तू म्हणालीस, “मोतीबिंदू पिकलाय, रोद्या. निळा रंग आधी जातो. ऑपरेशन कर.” मी म्हणालो, “तुला सगळ्यांचेच डोळे पिकलेले दिसतात.” आणि बंदरातल्या तपासणीला रंगांचा तक्ता पाठ करून गेलो.

आज सकाळी सही मागे घ्यायला गेलो, तर कप्तान म्हणतो, “गप बसा. दोन वर्षांत तुमची पेन्शन. पोरगी तरुण आहे, किनाऱ्यावर पोट भरेल.” रुफिना जेवताना अजूनही मला मीठ पुढे करते. त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझा नवा जबाब कप्तान पाठवणार नाही, म्हणून या पाकिटात घातलाय. तो चौकशी समितीकडे तू स्वतः नेऊन दे, आणि मार्चच्या तपासणीचा तुमच्याकडचा कागद त्याला जोड. नाहीतर म्हणतील, म्हातारा पोरीला वाचवतोय. ‘मी सांगितलं होतं’ हे तुला म्हणायचंच असणार. म्हण, पण आधी कागद दे.

ज्याच्या भरवशावर यापुढे कुणी जहाज हाकू नये, असा तुझा भाऊ,
रोद्या